कुत्र्याला जिभेतून घाम येत नाही

होळी झाली, ऊन तापायला लागलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: कुत्र्यांना घाम जिभेतून येतो. परवा सोसायटीतल्या काकूंनी आमच्या भीमाकडे बघून तेच ऐकवलं. ‘अरे, केवढी जीभ बाहेर काढलीय त्यानं! घाम येतोय त्याला. पंख्याखाली बसव की.’ काकूंचं निदान चूक, आणि पंख्याचा सल्लाही फारसा कामाचा नाही. पंखा आपल्याला गार करतो तो अंगावरचा घाम वाळवून. कोरड्या केसाळ पाठीवर त्याला वाळवायला काही मिळतच नाही.

जिभेवर घामाच्या ग्रंथी नसतात. तिथून गळते ती लाळ. आपल्यासारखा पाणीदार घाम कुत्र्याला येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तोही बऱ्याचदा घाबरल्यामुळे. जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघांनी मिळून भीमाला स्टीलच्या टेबलावर चढवलं होतं. त्याला खाली उतरवलं तेव्हा मागे चार ओले ठसे राहिले होते, प्रत्येकात मधली मोठी गादी आणि तिच्यापुढे चार बोटं. एवढ्याशा घामानं ३५ किलोचं धूड गार होणं शक्य नाही.

भीमा म्हणजे लॅब्रॅडॉर आणि आणखी कुणाचा तरी संकर. त्याचं आधीचं कुटुंब परदेशी गेलं आणि तो हल्लीच आमच्याकडे आला. प्राण्याच्या वजनावरून त्याची विश्रांतीतली ऊर्जा काढायचं एक सूत्र आहे, १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी मांडलेलं. त्यात ३५ किलो घातले तर दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी येतात, म्हणजे ५० वॅट. नुसता लोळत पडलेला भीमा सतत ५० वॅट उष्णता तयार करत असतो.

पुण्यात एप्रिलअखेरीस पारा ३९ वर जातो. कुत्र्याचं शरीरही ३८ ते ३९ अंशांवरच असतं. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते हे आपण शाळेत शिकलो. इथे तर दोन्हीकडे तापमान सारखंच. शहाबादी फरशी थोडी मदत करते. भीमा तिच्यावर पोट टेकून चारी पाय पसरतो, जागा तापली की दोन हात पुढे सरकतो. बाकी सगळी भिस्त बाष्पीभवनावर. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते, हाच तो अप्रकट उष्मा. भागाकार केला तर ५० वॅट बाहेर टाकायला तासाला ७५ ग्रॅम पाणी उडवावं लागतं. चालायला लागला की त्याच्या कित्येक पट.

हे पाणी उडवायचं तर ओल्या पृष्ठभागावरून भरपूर हवा फिरवायला हवी. त्यासाठी श्वास जोरजोरात घ्यायचा, तर छातीचे आणि पोटाचे स्नायू राबणार आणि तेच उष्णता निर्माण करणार! गार होण्याच्या धडपडीत कुत्रा आणखी तापायचा. ही गाठ १९६२ मध्ये युजीन क्रॉफर्ड यांनी सोडवली, आणि मला या सगळ्या विषयात सर्वात लोभस वाटतं ते हेच.

फुप्फुसं आणि छातीचा पिंजरा लवचिक असतात. ताणले की मूळ जागी यायला बघतात. अशा प्रत्येक व्यवस्थेची स्वतःची एक लय असते. झोपाळ्यावरच्या मुलाला त्याच्या लयीत बोटानं हलकासा धक्का दिला तरी झोका चढत जातो, लय सोडून ढकललंत तर घाम फुटेल. हा अनुनाद. क्रॉफर्ड यांनी कुत्र्यांच्या श्वसनसंस्थेची नैसर्गिक वारंवारता मोजली आणि धापा टाकण्याचा वेगही मोजला. दोन्ही आकडे जवळजवळ एकच निघाले, सेकंदाला पाचाच्या थोडे वर, म्हणजे मिनिटाला ३०० च्या पुढे! त्या वेगात छातीची लवचिकताच बरंचसं काम करते, स्नायूंनी फक्त हलका टेकू द्यायचा.

म्हणूनच कुत्रा ‘जरा सावकाश’ धापा टाकत नाही. श्वास मिनिटाला तीस-चाळीसवरून थेट तीनशेवर उडी मारतो. उकाडा थोडाच असेल तर तो वेग कमी करत नाही, थांबून थांबून धापतो. काही सेकंद जोरात, मग तोंड मिटून गप्प, पुन्हा जोरात. आता मोठ्या कुत्र्याचा छातीचा पिंजरा जड, त्यामुळे त्याची लय छोट्या कुत्र्यापेक्षा संथ. शेजारच्या पॉमेरेनियनचं धापणं मोजायला जीभ अडखळते, भीमाचं मात्र मोबाइलवर चित्रित करून मोजता येतं.

आता हवेचा रस्ता. उंटावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले क्नुट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं की धापणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकानं आत घेतो आणि तोंडानं बाहेर सोडतो. कारण मोठं मजेदार आहे. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्यावर ओलं अस्तर. कोरडी हवा त्यावरून आत जाताना पाणी उडवते, अस्तर गार होतं, आणि त्याखालून वाहणारं रक्तही. हीच हवा फुप्फुसातून गरम आणि दमट होऊन नाकावाटेच परतली, तर गार अस्तरावर तिच्यातलं पाणी पुन्हा साचेल आणि उष्णता परत जमा होईल. डिसेंबरच्या पहाटे ही काटकसर हवीच असते, तेव्हा कुत्रा नाकानंच श्वास सोडतो. वैशाखात ती उधळायची असते, म्हणून परतीचा रस्ता तोंडातून, रुंद, रक्तानं भरलेल्या जिभेवरून. रस्ता बदलून तो किती उष्णता ठेवायची आणि किती टाकायची ते ठरवतो. आणि नाकाचं अस्तर ओलं ठेवायला नाकपुडीच्या आत उघडणारी एक खास ग्रंथी असते. तिचा पाझर उकाड्याबरोबर वाढतो. मी टिश्यू पेपरची बारीक पट्टी भीमाच्या नाकापुढे धरली तेव्हा ती आत ओढली गेलेली दिसली. तोंडापुढे धरली तेव्हा तो ती खाऊन मोकळा झाला.

(इतक्या वेगानं श्वास घेऊन चक्कर कशी येत नाही? श्वास उथळ असतो. बरीचशी हवा श्वासनलिकेपर्यंतच ये-जा करते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड फारसा धुतला जात नाही. उष्माघाताच्या वेळी मात्र हे गणित कोलमडतं.)

इथे कांद्याचं सांगायलाच हवं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपली जुनी रीत, आणि ‘कुत्र्याच्या पट्ट्याला बांधा’ असं सुचवणारेही भेटले. खिशातला कांदा उष्णता शोषत नाही. माणसाच्या खिशात तो निदान निरुपद्रवी असतो, पण कुत्रा तो खाणार! कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, कांदा कच्चा असो वा शिजवलेला. उन्हाळ्यात कुत्र्याचं टक्कल करण्याची टूमही अशीच. दुहेरी केसांचं आवरण उन्हालाही अडवतं. ते मुंडण्यापेक्षा फणीनं आतले मेलेले केस काढावेत.

पाऊस टेकला की लोक निर्धास्त होतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे. ३८ अंश आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता अशा एप्रिलच्या दुपारी एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असतं. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा जवळजवळ संपृक्त, म्हणजे बाष्पानं काठोकाठ भरलेली, फार तर ४७ ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे ३८ ग्रॅम पाणी बाहेर. जूनच्या एखाद्या कोंदट संध्याकाळी ३० अंश आणि ८० टक्के धरा: हवेत आधीच २४ ग्रॅम, तफावत उरली २३. पारा उतरल्यामुळे अंगातून थोडी उष्णता थेट जाईल, पण केसांच्या थरातून ती जाऊन जाऊन किती जाणार? बंद मोटारीत तर कुत्रा स्वतःच हवा दमट करतो. आतली हवा जेमतेम तीन घनमीटर. काचेतून येणारं ऊन ती तापवतं, आणि धापण्यातून सुटलेलं बाष्प धापणंच निकामी करत जातं.

ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत चाउ चाउ, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांना उष्माघाताचा धोका कित्येक पट निघाला. चपट्या नाकात त्या गुंडाळ्यांना जागाच कुठे असते? वजनाचाही परिणाम दिसला: ५० किलोंच्या वरच्यांना धोका १० किलोंखालच्यांच्या तिपटीहून जास्त. धावताना तयार होणारी उष्णता वजनाबरोबर वाढते, ती बाहेर टाकणारं क्षेत्रफळ त्या मानानं कमी वाढतं. टेकडीवर न्यायचं तर सूर्य वर यायच्या आत.

कुत्रा लडखडला, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी त्याला गार करा, मग डॉक्टरांकडे न्या. भरपूर साधं पाणी केसांच्या मुळापर्यंत ओता आणि मग पंखा लावा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, टॉवेल उष्णता कोंडतो.

नव्या घरी आलेला कुत्रा रात्री दोन वाजता, फरशी गार असताना, येरझाऱ्या घालत धापत असेल तर ते ऊन नव्हे, भीती असते. पाणी ओतण्याची गरज नाही. दिवा मंद ठेवा, घरातल्या सगळ्यांनी त्याच्याभोवती जमू नका. काही आठवड्यांनंतरही ते थांबलं नाही, तर दुखणं किंवा हृदयाचा आजार तपासून घ्या.