पार्श्वभूमी : रेडिओवरून सिनेमाची गाणी गेली तेव्हा

गिरणीमालकाच्या बंगल्यात आणि त्याच गिरणीतल्या कामगाराच्या खोलीत एकाच वेळी एकच गाणं वाजणं, १९५० च्या आसपास ही नवलाची गोष्ट होती. त्याआधी १८८० पासून संगीत नाटकाने रागदारी बैठकीतून तिकिटाच्या थिएटरात आणली खरी, पण पिटातला, म्हणजे स्वस्त जागेवरचा, आणि पुढच्या खुर्चीतला फरक तिकिटावरच छापलेला असे. ग्रामोफोन आला, पण तो परवडणाऱ्यांच्या घरी. रेडिओही महागच, शिवाय दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरायचे. तरी चाळीत एकाने दार उघडं ठेवून रेडिओ लावला की आख्खी गॅलरी ऐकायची.

नेमक्या त्याच काळात, १९५२ मध्ये, सरकारी नभोवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास नाहीशी झाली. याला सर्रास ‘बंदी’ म्हणतात, पण प्रकरण तेवढं सरळ नव्हतं. तेव्हाच्या नभोवाणी मंत्र्यांना ही गाणी हलक्या अभिरुचीची वाटत. त्यांनी गाण्यांवर चाळणी लावली आणि सिनेमाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात म्हणून थांबवलं. निर्मात्यांना नाव हवंच होतं, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. हट्ट दोन्हीकडून झाला. मात्र ‘अभिरुची’ हा शब्द एकाच बाजूने वापरला, आणि त्यात कुणाची आवड हलकी धरली होती हे उघड आहे.

श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे, फिरवला. तिथे युद्धकाळातले दमदार ट्रान्समीटर होते. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ हा गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम लागे. त्यासाठी खोलीत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, म्हणजे एरियल, नीट करायची, बटण केसभर मागेपुढे करायचं, आवाज लाटेसारखा बुडायचा आणि वर यायचा. कोणतं गाणं कितव्या पायदानावर, याच्या पैजा साहेब आणि शिपाई दोघेही लावत. ती गाणीही अशीच मिसळीची : लावणीचा ठेका, ठुमरीची जागा, आणि मागे गोव्यातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेल्यांची व्हायोलिनं.

नभोवाणीने उत्तर दिलं ते ‘सुगम संगीत’ या नावाने. हा शब्द मला कायम खटकत आला आहे. सुगम म्हणजे सोपं. म्हणजे शास्त्रीयाच्या एक पायरी खाली, पण सिनेमाच्या एक पायरी वर. भावगीत सुगम, लावणी लोकसंगीतात, सिनेमाचं गाणं वेगळ्या रांगेत. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभराहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला गाणं, एकूण ५६ गीतं. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. ते लिहिणारे आणि त्याला चाली देणारे दोघेही मराठी सिनेमात नावारूपाला आलेले. तेच हात इथे पवित्र आणि तिथे हलके, हे कसं जमायचं?

३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सन्मानाने परतली. पुढे ट्रान्झिस्टर आला, खांद्याला अडकवून शेतावर गेला. १९८० च्या दशकात कॅसेट सगळीकडे पसरली. भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या वस्तीतल्या डबल डेकवर एकीवरून दुसरीवर उतरू लागल्या, आणि त्यांना कोणत्याही निवड समितीपुढे उभं राहावं लागलं नाही.