नॅपस्टर

संगणकावर साठवलेली गाणी इंटरनेटवरून एकमेकांना देण्याघेण्याची अमेरिकेतील एक सेवा. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग याने तिची आज्ञावली लिहिली आणि शॉन पार्कर याच्या साथीने जून १९९९ मध्ये ती सुरू केली. जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. मात्र या दोन वर्षांत ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यापाराची जी घडी विस्कटली, ती पुन्हा पूर्वीसारखी बसली नाही.

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या एमपी३ तंत्रात कानाला सहसा न जाणवणारा ध्वनीचा भाग वगळला जातो, त्यामुळे सीडीवर सुमारे ४० एमबी जागा घेणारे गाणे ४ एमबीत मावते. सीडीवरील गाण्याची नक्कल रोखणारे कसलेच कुलूप तर नव्हते. विद्यापीठांच्या वसतिगृहांत वेगवान इंटरनेट आले होते आणि नॅपस्टर तेथेच प्रथम फोफावले.

नॅपस्टरच्या स्वतःच्या संगणकांवर गाणी नव्हतीच. कोणते गाणे कोणाकडे आहे याची केवळ यादी तेथे असे आणि फाइल एका सभासदाकडून दुसऱ्याकडे थेट जाई. ही यादीच पुढे कंपनीला भोवली. डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आणि एप्रिल २००० मध्ये ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाने स्वामित्वहक्कभंगाचे दावे लावले. व्हिडिओ रेकॉर्डर विकणाऱ्याला त्याच्या गैरवापराबद्दल जबाबदार न धरणाऱ्या १९८४ च्या बीटामॅक्स निकालाचा आधार कंपनीने घेतला. परंतु विक्रीनंतर यंत्र विक्रेत्याच्या हाती राहत नाही, नॅपस्टरची यादी मात्र रोज तिच्याच ताब्यात होती. काय चालले आहे हे कंपनीला ठाऊक होते आणि ते रोखणेही शक्य होते, असे अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये ठरवले. इतरांनी वेगळी वाट धरली : ग्नुटेला आणि बिटटोरंट या फाइल-देवघेवीच्या पद्धतींच्या रचनेत टाळे ठोकावे असे एकच मध्यवर्ती ठिकाण उरले नाही.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये सुमारे १,४६० कोटी डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याहूनही खाली आली. यांतील किती घट फुकट्या फाइलींमुळे झाली, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांच्या २००७ मधील अभ्यासाला विक्रीवरचा परिणाम नगण्य दिसला, तर लिबोविट्झ यांना तो मोठा वाटला. उलाढालीच्या आकड्यांमागे आणखीही कारणे आहेत. जुन्या तबकड्यांच्या जागी सीडी घेण्याची लाट ओसरली होती आणि एका आवडत्या गाण्यासाठी दहा-बारा गाण्यांचा संच विकत घ्यायला लावणारी पद्धत मोडीत निघाली होती. या दुसऱ्या घावाला फाइल-देवघेव नक्कीच कारण झाली, पण ग्राहकाला सुटे गाणे हवे आहे हे कंपन्यांनी वेळीच ओळखले नाही, हेही तितकेच खरे. २००३ पासून त्यांनी विद्यार्थ्यांसह हजारो सामान्य श्रोत्यांना कोर्टात खेचले आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले. २००८ मध्ये स्वीडनमधून सुरू झालेल्या स्पॉटिफायने विक्रीऐवजी वर्गणीचा मार्ग धरला. उद्योग पुढे सावरला तो मुख्यतः याच मार्गाने. बंद पडलेली रेकॉर्डची दुकाने मात्र परतली नाहीत.

दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीचे नाव रॉक्सिओ या सॉफ्टवेअर कंपनीने २००२ मध्ये विकत घेतले. पुढे ते ऱ्हॅप्सोडी या ऑनलाइन संगीत कंपनीकडे गेले आणि २०१६ मध्ये त्या कंपनीने स्वतःच्या सशुल्क, परवानाधारक सेवेलाच नॅपस्टर हे नाव दिले.