न्यूज आणि चार दिशा

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं जोडून न्यूज शब्द झाला’ हा फॉरवर्ड सोलापुरात नवी पेठेतल्या एका क्लासच्या फळ्यावरही मी वाचलाय. जुळतं इतकं छान, की मलाही बरीच वर्षं खरं वाटायचं.

पण १६२२ साली लंडनमध्ये छापलेल्या बातमीपत्रावर स्पेलिंग आहे एन-ई-डब्ल्यू-ई-एस. हा जादा ‘ई’ कुठल्या दिशेचा? न्यू म्हणजे नवं, त्याचं हे अनेकवचन: नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नूव्हेल’, म्हणजे नव्याच, म्हणतात. आपणही भेटल्यावर ‘काय नवीन?’ विचारतोच की! मोठ्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाची व्युत्पत्ती बघा, हेच सापडेल.

वापरताना मात्र तो एकवचनी: ‘न्यूज इज’, ‘न्यूज आर’ नाही.