पील केलं, पण साल निघालीच नाही

"अगं चार दिवस झाले, रोज सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन बघतेय, नाकाच्या बाजूला जरा कोंड्यासारखं काहीतरी सुटलं तेवढंच, बाकी चेहरा होता तसाच आहे, माझं पील वाया गेलं का गं?" मैत्रिणीचा हा फोन. तिला त्वचारोगतज्ज्ञांनी मॅन्डेलिक अ‍ॅसिडचं पील, म्हणजे चेहऱ्यावर अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर उतरवायचा उपचार, केलं होतं, आणि तिने ते घेतलंच मुळी अशासाठी की दुसऱ्या दिवशी तिला चार लोकांत जायचं होतं. म्हणजे जे हवं होतं तेच झालं होतं. पण पील म्हटलं की सापाने कात टाकावी तसं काहीतरी व्हायला हवं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की साल निघाली नाही की माणूस घाबरतोच.

साल किती निघाली यावरून पील किती लागू पडलं ते कळत नाही, हे आधी सांगून टाकते. कळतं ते एवढंच की अ‍ॅसिड किती खोल गेलं असेल, आणि तेही अंदाजाने.

त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कौलं रचावीत तशा चपट्या पेशी एकावर एक, साधारण १५ ते २० थर, आणि सगळे मिळून चेहऱ्यावर जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग. त्याच्याखाली जिवंत पेशींचा थर, त्याच्या तळाशी नवीन पेशी तयार होतात आणि रंग बनवणाऱ्या पेशीही तिथेच बसलेल्या असतात. हा सगळा मिळून झाला एपिडर्मिस. त्याच्या खाली डर्मिस, तिथे कोलॅजन, रक्तवाहिन्या, नसा. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त.

आता डाऊनटाइम, म्हणजे पीलनंतर चेहरा सावरायला लागणारे दिवस, कमी का जास्त, ते सगळं यावर ठरतं की अ‍ॅसिड यातल्या कुठल्या मजल्यापर्यंत उतरलं. वरच्यावर थांबलं तर तळाच्या पेशी शाबूत असतात, त्या भराभर नवीन माल वर पाठवतात, आणि एक ते पाच दिवसांत विषय संपतो, कधी कधी तर लाली संध्याकाळपर्यंतच राहते. डर्मिसच्या वरच्या भागात गेलं की ती खरोखरची जखम झाली, सूज, तपकिरी कडक साल, आठवडा ते दहा दिवस घरात. आणि फिनॉलसारखं खोल पील म्हणजे दोन-तीन आठवडे, लाली तर महिनोन्‌महिने टिकू शकते, शिवाय फिनॉल रक्तात जाऊन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं म्हणून ते चालू असताना हृदयावर मॉनिटर लावतात. कमी सुट्टीत पील हवं असणाऱ्याने तिकडे बघायचंच नाही.

मग वरच्यावर थांबणारं पील निवडायचं कसं? इथे बहुतेक लोक बाटलीवरचे टक्के वाचतात, आणि तिथेच फसतात.

ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं उदाहरण घेऊ. हे अ‍ॅसिड द्रावणात दोन रूपांत असतं, एक मोकळं आणि एक क्षाराच्या रूपात बांधलेलं, आणि त्वचेत सहज शिरतं ते मोकळं. किती मोकळं राहणार ते पीएच, म्हणजे द्रावणाच्या आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल), ठरवतो. पीएच ३.८ च्या आसपास निम्मं निम्मं असतं. म्हणजे ३० टक्क्यांचं द्रावण पीएच ४ ला ठेवलं तर कामाचं अ‍ॅसिड साधारण १२ टक्केच उरतं, आणि तेच ३० टक्के पीएच २ ला असेल तर जवळपास सगळंच्या सगळं मोकळं. दोन्ही बाटल्यांवर आकडा एकच! म्हणून डॉक्टरांना विचारायचंच असेल तर टक्क्यांबरोबर पीएच किती आणि चेहऱ्यावर किती मिनिटं ठेवणार हे विचारा, हा प्रश्न अजिबात आगाऊपणाचा नाहीये.

अ‍ॅसिड करतं काय, तर पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे जे टाके असतात ते ढिले करतं. या टाक्यांना कॅल्शियम लागतं, आणि ग्लायकोलिक, लॅक्टिक यांच्यासारखी अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिडं ते कॅल्शियम ओढून घेतात असं मानलं जातं. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू यांनी ही अ‍ॅसिडं माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होते त्या आजारावर, इक्थिऑसिसवर, वापरून दाखवली, सौंदर्याचा बाजार त्यानंतर आला. टाके सुटले की पेशी गळतात, पण गळताना त्या दिसतीलच असं नाही, बारीक भुग्यासारख्या तोंड धुताना निघून जातात, आणि मैत्रिणीचं नेमकं तेच झालं होतं.

आता कोणतं अ‍ॅसिड. ग्लायकोलिकचा रेणू या घराण्यात सगळ्यात छोटा, रेणुभार ७६, त्यामुळे पटकन आत घुसतो आणि झोंबतोही जास्त. मॅन्डेलिकचा १५२, बरोब्बर दुप्पट, म्हणून तो सावकाश शिरतो, सगळीकडे सारखा शिरतो, आणि नाजूक किंवा सावळ्या त्वचेला बऱ्याचदा आधी तोच सुचवतात. लॅक्टिक ९० चा, मधला, आणि त्वचेत ओलावा धरून ठेवायलाही मदत करतो, कोरड्या चेहऱ्याला बरा. तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स, पिंपल्स असतील तर मात्र सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रातल्या तेलातून वाट काढत आत जातं, बाकीची पाण्यात विरघळणारी तिथे तितकी पोचत नाहीत. फक्त अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते नको, आणि गरोदरपणात डॉक्टर सहसा टाळतात.

ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिकमधला एक फरक मी स्वतः खुर्चीत बसून बघितलाय. ग्लायकोलिक लावल्यावर घड्याळ लावतात, कारण ते आपणहून थांबत नाही. पहिल्या मिनिटाला मुंग्या, मग गालावर चुरचुर, हातात छोटा पंखा धरून बसायचं, आणि वेळ झाली की सोडा बायकार्बचं पाणी मारलं की चेहऱ्यावर बारीक फेस येतो, कानाशी अगदी हलकी फसफस ऐकू येते आणि क्षणभर जरा गरम लागतं, ते अ‍ॅसिड मेल्याचं लक्षण. सॅलिसिलिक अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, अल्कोहोल दोन-तीन मिनिटांत उडून जातं आणि चेहऱ्यावर पांढरी भुकटी उरते, पावडर लावल्यासारखी. ती भुकटी झाली की अ‍ॅसिड आत जायचं जवळजवळ थांबतं. लोक घाबरतात की चेहरा पांढरा पडला, पण ते नुसते स्फटिक आहेत, पुसले जातात.

टीसीएचा पांढरेपणा वेगळा हं. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, त्वचेतली प्रथिनंच गोठवतं, तो पांढरा रंग पुसून जात नाही, आणि एकदा लागलं की कशानेही मागे घेता येत नाही. १० ते २५ टक्क्यांचं वरवरचं धरतात, ३५ ला ते मध्यम खोलीचं होतं, ५० ला व्रण पडायची भीती. पण इथेही आकड्यावर जाऊ नका, १५ टक्क्यांचे हात एकावर एक देत गेलं तरी ते खाली खाली उतरतं. कमी डाऊनटाइमच्या नावाखाली कुणी टीसीए सुचवलं तर किती हात देणार हे आधी विचारून घ्या.

आणि आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. त्वचा सावळी किंवा गव्हाळ असेल तर धोका सालीचा नसतो, काळ्या डागाचा असतो. रंगाच्या पेशी जळजळीला चिडतात आणि जास्त रंग ओततात, डाग घालवायला गेलेला माणूस मोठा डाग घेऊन येतो. माझ्या ओळखीतल्या एकीने ग्लायकोलिकनंतर तिसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यातलं सुटलेलं टोक नखाने ओढलं, एवढुसं, शेंगदाण्याच्या सालीएवढं असेल, खाली गुलाबी ओलं लागलं आणि तिथे जो तपकिरी ठिपका पडला तो पाच महिने गेला नाही. पील सौम्यच होतं, डाऊनटाइम तिने नखाने वाढवला. पापुद्रा ओढायचा नाही, स्क्रब नाही, रेटिनॉल नाही, साधं मॉइश्चरायझर चोपडायचं आणि आपोआप पडू द्यायचं.

उन्हाचंही तसंच. एका प्रयोगात १० टक्के ग्लायकोलिक पीएच ३.५ ला चार आठवडे लावलं तर अतिनील किरणांनी लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली आणि पेशींचं नुकसान सरासरी दुप्पट झालं, लावणं बंद केल्यावर साधारण आठवड्याने फरक उरला नाही. हे रोज लावायच्या क्रीमच्या ताकदीचं, पील त्याहून जोरदार. त्यामुळे ज्याला सनस्क्रीन रोज लावणं जमणारच नाहीये त्याने पील न केलेलं मला खरंच जास्त बरं वाटतं.

घरी करायचं म्हणाल तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक-लॅक्टिकची मर्यादा १० टक्के आणि पीएच ३.५ च्या खाली नको अशी सांगितलीये, आणि २०२४ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जास्त ताकदीची पील ऑनलाइन मागवून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका असा इशारा दिला, भाजण्याची प्रकरणं झाली होती म्हणूनच. ताप आल्यावर येतात तसे ओठावर फोड वारंवार येत असतील, पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या संपल्या असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते आपणहून सांगायचं.

एका सौम्य पीलमध्ये चमत्कार होत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करावं लागतं, निस्तेजपणा, बारीक पिंपल्स, वरवरचे डाग यांना फरक पडतो. वांगाला सांभाळूनच, तो परत येतो. खोल खड्डे आणि ठळक सुरकुत्या यांना मात्र हे पुरणार नाही, तिथे खरी सुट्टी काढावी लागते किंवा दुसरा उपाय बघावा लागतो, आणि कुणी "सुट्टी नको, खड्डे जातील" म्हणत असेल तर तिथून उठा. पहिलं पील कुठल्याही महत्त्वाच्या दिवसाच्या तोंडावर नको, निदान दोन आठवडे हातात ठेवा, कारण आपली त्वचा कशी वागते ते पहिल्यांदाच कळणार असतं.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की नाकाजवळचं ते कोंड्यासारखं आहे ना, तेच तुझं पील, त्याला हात लावू नकोस. तिचं पुढचं तीन आठवड्यांनी आहे, अ‍ॅसिड तेच, डॉक्टर यावेळी दोन मिनिटं जास्त ठेवणार आहेत.