जावॅक्सचे जकार्ता का झाले

टॉमकॅट हा जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. टॉमकॅट ९ वर सुरळीत चालणारे ॲप्लिकेशन जसेच्या तसे टॉमकॅट १० वर टाकले की बंद पडते. लॉगमध्ये ‘जावॅक्स डॉट सर्व्हलेट’ या पॅकेजमधला (क्लासांच्या गटातला) क्लास सापडत नसल्याची नोंद येते. कधी तीही येत नाही, नुसता ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, दिसतो. जुनी सर्व्हलेट जार (लायब्ररीची फाइल) ॲप्लिकेशनमध्ये टाकून पाहिली तरी टॉमकॅट आपण लिहिलेल्या क्लासला सर्व्हलेट, म्हणजे वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारा क्लास, मानतच नाही. टॉमकॅट १० मध्ये ‘जावॅक्स’ या पॅकेजनावाचे ‘जकार्ता’ झाले आहे. या मोडतोडीमागचे कारण तांत्रिक नाही, ट्रेडमार्कचे आहे.

ओपन सोर्स परवान्याने कोड मिळतो, नाव मिळत नाही. अपाची परवाना २.० च्या सहाव्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे. नावासाठी वेगळा करार लागतो, आणि कंपन्या कोड जितक्या सहज देतात तितक्या सहज नाव देत नाहीत.

२००० मध्ये बोरलँडने इंटरबेस या डेटाबेसचा कोड खुला केला. त्यातून निघालेल्या स्वतंत्र शाखेला इंटरबेस म्हणवून घेता येत नव्हते, म्हणून ती फायरबर्ड झाली. पुढे मोझिलाला फिनिक्स टेक्नॉलॉजीजच्या ट्रेडमार्कमुळे आपल्या ब्राउझरचे ‘फिनिक्स’ हे नाव सोडावे लागले आणि एप्रिल २००३ मध्ये त्यांनी नेमके ‘फायरबर्ड’च उचलले. डेटाबेसवाल्यांनी जोरदार हरकत घेतली. ती रास्तच होती. फेब्रुवारी २००४ पासून तो ब्राउझर फायरफॉक्स आहे.

२०१० च्या सुरुवातीला जावा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ओरॅकलकडे गेली आणि सनची नावेही तिच्याबरोबर गेली. सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिस या सनच्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढले, ओरॅकलला नाव देण्याची विनंती केली आणि तोवर लिबरऑफिस हे नाव घेतले. ओरॅकलने नाव दिले नाही, त्यामुळे तेच कायम झाले. हडसन या कोडची बांधणी आणि चाचणी आपोआप करणाऱ्या साधनाचे जेनकिन्स झाले ते जानेवारी २०११ मध्ये, तेही ओरॅकलने नावावर हक्क सांगितल्यामुळे. त्याच वर्षी ओरॅकलने हडसन एक्लिप्स फाउंडेशनला आणि ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकले, पण तोवर बहुतेक डेव्हलपर नव्या नावांमागे गेले होते.

या दोन्ही प्रकरणांत बदलली ती वरची पाटी. जेनकिन्सच्या गाभ्यात अनेक पॅकेजांची नावे आजही ‘हडसन’नेच सुरू होतात आणि लिबरऑफिसच्या एपीआयमध्ये (बाहेरच्या कोडने वापरायच्या नावांत) ‘कॉम डॉट सन डॉट स्टार’ तसेच आहे. म्हणून जुने प्लगिन आणि मॅक्रो एका रात्रीत मोडले नाहीत. जावाच्या बाबतीत हीच सवलत मिळाली नाही.

२०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई हा सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशनांसाठीचा जावाचा संच एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले. ‘जावा’ हा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवल्यामुळे नवे नाव लागणार होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘जकार्ता ईई’ ठरले. खरी अडचण आतल्या ‘जावॅक्स’ या पॅकेजनावाची होती. त्यावरची बोलणी फिसकटल्याचे मे २०१९ मध्ये जाहीर झाले. जावॅक्स पॅकेजे आहेत तशी वापरायची मुभा मिळाली, मात्र त्यांत एकही बदल करायचा नाही. एखाद्या इंटरफेसला नवी मेथड जोडायची तरी पॅकेजचे नाव बदलणे भाग होते.

थोडे थोडे बदलावे की सगळे एकदम, यावर बराच वाद झाला. अखेर सगळे एकदम बदलायचे ठरले, आणि तो निर्णय योग्य होता. अर्धे जावॅक्स, अर्धे जकार्ता असा कोड वर्षानुवर्षे सांभाळणे अधिक त्रासाचे ठरले असते. सप्टेंबर २०१९ चे जकार्ता ईई ८ जुन्याच पॅकेजांवर होते. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये जवळपास फक्त नावे बदलली. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच वाटेने गेली.

आता हा बदल करताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘जावॅक्स’ शोधून सरसकट ‘जकार्ता’ करणे. जावॅक्स डॉट एसक्यूएल, क्रिप्टो, नेमिंग आणि नेट ही पॅकेजे जावा एसईची, म्हणजे मूळ जावाची आहेत. त्यांना हात लावायचा नाही. ॲनोटेशन आणि ट्रान्झॅक्शन ही पॅकेजे तर दुभंगली आहेत. ‘पोस्टकन्स्ट्रक्ट’ जकार्तात गेले, पण ‘ॲनोटेशन डॉट प्रोसेसिंग’ जावॅक्समध्येच राहिले. ट्रान्झॅक्शनचे बाकी सगळे गेले, ‘एक्सए’ राहिले.

इम्पोर्ट दुरुस्त होऊन कोड कंपाइल झाला म्हणजे काम संपले असेही नाही. ‘पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल’मधल्या प्रॉपर्टींच्या नावांत, ‘मेटा-इन्फ’मधल्या सर्व्हिस फाइलींच्या नावांत आणि रिफ्लेक्शनसाठी (चालू प्रोग्रॅममध्ये नावावरून क्लास शोधण्यासाठी) लिहिलेल्या स्ट्रिंगांत जावॅक्स उरते, ते कंपाइलरला दिसत नाही. जुन्या पॅकेजांवर बांधलेल्या तयार लायब्ररी तर नव्या आवृत्तीशिवाय चालतच नाहीत. सोर्स हाताशी नसेल तर टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचे फोल्डर करून वॉर फाइल (ॲप्लिकेशनची एकत्र बांधलेली फाइल) त्यात ठेवावी. टॉमकॅट ती रूपांतरित करून ‘वेबॲप्स’मध्ये टाकतो.