भावंडे आणि बालविकास

घरात मुले किती, त्यांत हे मूल कितवे आणि भावंडांत वयाचे अंतर किती, या तीन गोष्टींचा पहिल्या पाच-सहा वर्षांतील वाढीशी संबंध असतो. त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. मोठी कुटुंबे बहुधा उत्पन्न आणि शिक्षण यांतही वेगळी असतात, म्हणून नुसती मुले मोजून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

मुले वाढली की पालकांचा वेळ आणि पैसा वाटला जातो, हा विचार जुडिथ ब्लेक यांनी १९८१ मध्ये मांडला. नॉर्वेतील नोंदींवरच्या २००५ च्या अभ्यासात मात्र जन्मक्रम हिशेबात धरताच मुलांच्या संख्येचा शिक्षणावरील परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. क्रमाचा उरला. २००७ मध्ये तेथीलच तरुणांत थोरल्यांचा बुद्ध्यांक दुसऱ्यांपेक्षा सरासरी २-३ गुणांनी जास्त आढळला. थोरले भावंड लहानपणीच दगावल्याने थोरल्याच्या जागी वाढलेल्या दुसऱ्या मुलांचे गुण मात्र थोरल्यांइतकेच होते. म्हणजे कारण गर्भात नव्हे, घरात शोधायला हवे. इतक्या लहान फरकावरून एखाद्या मुलाचे भाकीत करणे मात्र अन्यायाचे आहे.

भाषेत चित्र संमिश्र आहे. मोठ्यांशी एकट्याने बोलायला मिळाल्याने पहिल्या मुलाचा शब्दसंग्रह सुरुवातीला थोडा पुढे असतो. धाकटे इतरांचे संभाषण ऐकत ‘मी’, ‘तू’ लवकर अचूक वापरते. दुसऱ्याचे मन कळते का, हे पाहायला मुलांना विचारतात: बहीण बाहेर असताना तिचा चेंडू टोपलीतून पेटीत ठेवला, तर ती आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुले ‘पेटीत’ म्हणतात. भावंडांत वाढणारी मुले ‘टोपलीत’ हे बरोबर उत्तर लवकर देऊ लागतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा सराव खेळात, भांडणात आणि लटक्या भूमिकांत होतो. एकुलते मूल हट्टी किंवा एकलकोंडे होते, या समजाला मात्र संशोधनाचा आधार नाही.

प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळ आल्यावर थोरले कधीकधी पुन्हा अंथरूण ओले करते किंवा बोबडे बोलते. हे सहसा तात्पुरते असते. रागावण्याऐवजी रोज १०-१५ मिनिटे फक्त त्याच्यासाठी ठेवावीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘ताईच त्याच्या वतीने बोलते’ म्हणून उशीर चालवून घेणे. दोन वर्षांचे मूल साधारण ५० शब्द बोलत नसेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर ते कितवेही असो, आधी श्रवणचाचणी करावी.