गल्लीतल्या मुक्कामाविषयी, बुकिंगच्या आधी वाचण्यासारखं

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेत, गणपत गल्लीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका दुमजली घराचं आम्ही १२ खोल्यांचं हॉटेल केलं आहे. फोटो बघून येणाऱ्यांपैकी काहींना घर फोटोपेक्षा जास्त आवडतं. काहींना मात्र पहिल्याच रात्री वाटतं, हायवेवरच उतरलो असतो तर बरं झालं असतं. नाराजी बहुतेक वेळा चुकीची खोली घेतल्याने येते. म्हणून हे पत्रक.

पैसा कुठे लावला, कुठे वाचवला

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या दीड हात जाड. घर हाती आलं तेव्हा त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा होता. जांभा पाणी पितो आणि सिमेंट ते आतच कोंडून ठेवतं, मग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. तो सगळा गिलावा उतरवून चुन्याचा केला. खर्च बराच झाला, पण भिंत आता श्वास घेते आणि उन्हाळ्यात दुपारी आत आल्यावर फरक कळतो. एसी फक्त चार खोल्यांना आहे. एप्रिल सोडला तर बाकीच्यांना पंखा पुरतो, असं आमचं मत. जुलै-ऑगस्टमध्ये ओलीचा वास थोडा येणारच. त्या दिवसांत धुतलेले कपडे खोलीत वाळत नाहीत. मागच्या पडवीत तारा बांधल्या आहेत, तिथे मोठा पंखा रात्रभर चालू असतो.

कौलं खानापूरची. दिव्यांवरच्या मातीच्या टोप्याही तिकडच्याच भट्टीतल्या आहेत, त्यामुळे एकीचा रंग दुसरीशी जुळेलच असं नाही. पडदे बेळगावातल्याच शहापूर-वडगाव भागांतल्या मागांवरच्या साड्यांचे केले आहेत, काठासकट. पदर खाली येईल असे शिवले आहेत. पाहुण्यांपैकी बायका आधी पडदा हातात घेऊन बघतात आणि मग पलंगाकडे वळतात. साडी कुठे मिळेल हे काउंटरवर विचारा, पत्ता देऊ. आम्ही साड्या विकत नाही.

खोली साधारण १० बाय ११ फुटांची. एवढ्या जागेत कपाट ठेवलं तर माणसाला जागा उरत नाही. म्हणून भिंतीला खुंट्या आणि पलंगाखाली दोन खण. पूर्वी जिथे दिवा लावत त्या दिवळीत आता चार्जिंगचा प्लग आणि वाचायचा दिवा आहे. चष्मा, फोन, औषधाची डबी, सगळं तिथे मावतं. मोठ्या चाकांच्या बॅगा मात्र खणात जात नाहीत, त्या जिन्याखालच्या कुलपाच्या खोलीत ठेवा. टीव्ही नाही. लिफ्ट नाही आणि बसवायला जागाही नाही. जिना जुनाच, खडा आहे, कठड्याला दोर बांधला आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर तळमजल्याची खोली बुकिंग करतानाच मागून घ्या. आल्यावर अदलाबदल होईल याची खात्री नाही.

आवाज

हा भाग सगळ्यांनी वाचावा.

पहाटे पाचच्या सुमाराला दूध आणि भाजीचे टेम्पो सुरू होतात. मग देवळाची घंटा, अजान, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा स्टोव्ह. दहापासून बाजार. रात्री नऊला शटर पडायला लागतात आणि तो पंधरा मिनिटांचा खडखडाट या गल्लीचा सगळ्यात मोठा आवाज. त्यानंतर मात्र इतकी शांतता होते की वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्यांवर कोण चाललं तेही खाली कळतं. (दहानंतर चप्पल काढून चाला, खालचे दुवा देतील.)

रस्त्याकडच्या सहा खोल्यांना दुहेरी काचा लावल्या आहेत. खिडकी बंद असेल तर आवाज निम्म्यावर येतो, पण सज्जात बसून बाजार बघण्याची मजा खिडकी बंद ठेवून नाही. ज्यांना बाजार बघायचा आहे त्यांनी याच घ्याव्यात. लहान मूल, परीक्षेला आलेला विद्यार्थी, झोपमोड न सोसणारे आजी-आजोबा सोबत असतील तर परसाकडची खोली घ्या. तिथून फक्त शेजारचा नारळ आणि आमची पाण्याची टाकी दिसते. दर मात्र तोच आहे.

केएलई रुग्णालयात पेशंट असेल तर आमच्याकडे राहू नका. नेहरूनगर इथून लांब पडतं आणि रात्री-अपरात्री धावपळ करावी लागते. तिकडेच लॉज बघा, हवं तर फोन करून आम्हीच विचारतो.

पोचायचं कसं

रिक्षावाल्याला नुसतं ‘खडे बाजार’ सांगू नका. एक खडे बाजार इथे आहे आणि दुसरा शहापुरात. तिकडे नेलं तर परत यायचं भाडं वेगळं. ‘गणपत गल्ली’ सांगा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. दारावरची पाटी कायद्याप्रमाणे आधी मोठ्या अक्षरांत कन्नडमध्ये आहे, मराठी नाव त्याखाली लहान अक्षरांत. ती वाचता आली नाही तर निळं लाकडी दार आणि बाहेरचा दगडी कट्टा ही खूण. आत सगळे मराठी बोलतात. पहाटे दार उघडणाऱ्या अक्का मात्र आधी कन्नडमध्ये सुरुवात करतात, तुम्ही मराठीत बोला, त्या लगेच वळतात.

गाडी गल्लीत आणू नका. येताना येते, पण वळवता येत नाही. जवळच्या पे-पार्किंगला लावून फोन केला की आमचा माणूस हातगाडी घेऊन येतो.

महाराष्ट्रातून एसटीने येणाऱ्यांसाठी: सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या मध्येच थांबतात. अशा वेळी मिरजेहून रेल्वे बरी. त्या कारणाने येता आलं नाही तर पैसे न कापता तारीख बदलून देतो. आणखी एक, कर्नाटकच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे तो ‘शक्ती’ योजनेखाली फक्त इथल्या रहिवाशांना. कोल्हापूरचं आधार दाखवून कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिकीट काढा.

तारखा बघून या

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये (कर्नाटकचं इथलं विधानभवन) अधिवेशन भरलं की गावातल्या खोल्या आमदारांच्या माणसांनी आणि पोलिसांनी भरून जातात. तेव्हा निदान महिनाभर आधी कळवा. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी असते. रस्ते वळवलेले असतात, त्या दिवशी येणं-जाणं शक्यतो टाळा.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि कपिलेश्वर तलावाशी विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. झोप विसरा. वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीला चित्ररथ रात्रभर फिरतात, तेव्हाही तेच. या दोन्ही रात्री आम्ही दर वाढवत नाही, पण ‘फार आवाज होता’ म्हणून परतावाही देत नाही. आमच्या मते बेळगाव बघायचं तर याच दोन रात्री.

होळीचं थोडं गमतीचं आहे. शहरात रंग धुळवडीला खेळतात. शहापूर-वडगावकडे होळीपासून पाच दिवसांनी रंगपंचमीला, कारण शहापूर सांगली संस्थानात होतं आणि तिथली रीत तशीच राहिली. त्या आठवड्यात आलात तर दोनदा भिजायची तयारी ठेवा. आमच्या पांढऱ्या चादरींवर रंग दिसला तर धुलाईचे पैसे लागतील.

किल्ला इथून चालत अर्ध्या तासाच्या आत येतो. आतली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ सालची, छताचं दगडी कमळ मान वर करून निवांत बघा. जवळच साफा मशीद आहे. रामकृष्ण आश्रमही किल्ल्यातच. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले होते आणि ती गल्ली आपल्या बाजारातच आहे. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, तिथे कॅमेरा काढू नका.

खाणं

आमच्याकडे फक्त सकाळचा नाश्ता: उप्पीट, पोहे किंवा थालीपीठ, जे त्या दिवशी असेल ते. दुपार-रात्रीसाठी आजूबाजूच्या खानावळींची यादी खोलीत आहे. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी या भागात वाईट मिळणं अवघड. कुंदा निघायच्या दिवशीच घ्या, खव्याचा असल्याने प्रवासात फार दिवस टिकत नाही. लांबच्या पाहुण्यांना न्यायचं असेल तर मांडे बरे, फक्त डबा कडक घ्या, बॅगेत चुरा होतो.

कागद, कर, पाणी

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त एकाचं चालत नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, पासपोर्ट आणि व्हिसा हाताशी ठेवा. दर मागच्या पानावर आहेत, त्यावर ५ टक्के जीएसटी. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना २२ सप्टेंबर २०२५ आधी तो १२ टक्के होता, त्यामुळे जुनं बिल दाखवून घासाघीस नको.

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांतून येतं आणि उन्हाळ्यात ओढ लागते. तेव्हा शॉवरऐवजी बादली वापरलीत तर सगळ्यांना पुरेल. सोलरचं गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, पावसाळ्यात गिझर.

खोली सोडायची वेळ सकाळी ११. सामान संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो, त्याचे पैसे नाहीत. पहाटेची गाडी असेल तर रात्री नऊच्या आत काउंटरवर सांगा. पहाटे गल्लीत रिक्षा आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या रात्री सांगितलेली मात्र दाराशी उभी असते.